मुदत संपून हाती आलेलं डोमेन: जुन्या मालकाला परत द्यावं का, आणि द्यायचं तर कसं

डोमेन नोंदवून आठवडाही होत नाही तोच ईमेल येतो: ‘हे नाव आमचं आहे, रिन्यू करायचं राहून गेलं, परत द्या.’ सूर कधी विनवणीचा असतो, कधी पहिल्याच ओळीत वकील हजर असतो. उत्तर लिहायची घाई करू नका. आधी तीन गोष्टी कळायला हव्यात. लिहिणारा खरोखर जुना मालक आहे का? या नावावर तुमचा स्वतःचा काही आधार आहे का? आणि नाव हातात नसल्यामुळे त्याचं, त्याच्या ग्राहकांचं नेमकं काय अडलं आहे? ‘त्याने वेळेत पैसे भरले नाहीत, आता भोगू दे’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

शिवाय त्यात निम्मंच तथ्य असतं. आयकॅन या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा जेनेरिक नावांच्या रजिस्ट्रारला (नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीला) मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, साधारण आठवडाभर आधी आणि मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत अशा तीन सूचना पाठवाव्याच लागतात. पण त्या जातात नोंदीतल्या ईमेलवर. तो पत्ता कधी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो, कधी साइट बनवून दिलेल्या डिझायनरचा. सगळ्यात वाईट म्हणजे तो त्याच डोमेनवरचा असतो: मुदत संपली, डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा) थांबलं, मेल बंद पडली, आणि तिसरी सूचना कुठेच पोचली नाही. कार्डाची मुदत संपल्यामुळे ऑटो-रिन्यू फसणं तर रोजचंच.

नाव कोणत्या वाटेने आलं ते पाहा

आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकून नोंदणीची मूळ तारीख बघा. (जानेवारी २०२५ पासून जेनेरिक डोमेनांसाठी हूइज या जुन्या नोंद-शोध सेवेच्या जागी आरडीएपी ही अधिकृत सेवा आहे. माहिती जवळपास तीच, मांडणी वेगळी.) ही तारीख ताजी असेल, तर नाव पूर्ण चक्रातून जाऊन सुटलं होतं आणि तुम्ही ते नव्याने नोंदवलं. तारीख जुनीच दिसत असेल, तर नाव कधी सुटलंच नव्हतं. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारने ते लिलावात काढून तुमच्या नावावर केलं.

हा फरक महत्त्वाचा आहे. पूर्ण चक्र असं चालतं: मुदत संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांचा वाढीव काळ, ज्यात मालक बहुधा नेहमीच्या दरात रिन्यू करू शकतो. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, ज्यात नाव परत मिळतं पण त्यासाठी वेगळी आणि बरीच मोठी फी पडते. शेवटी ५ दिवस ‘पेंडिंग डिलीट’, ज्यात कोणीच काही करू शकत नाही. म्हणजे डॉट कॉम नाव पूर्ण सुटायला अडीच महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो. ४५ हा आकडा वरची मर्यादा आहे. रजिस्ट्रार त्याआधीही नाव डिलीट करतो किंवा लिलावात टाकतो. देशांच्या नावांना, म्हणजे डॉट यूके, डॉट डीई वगैरेंना, हे वेळापत्रक लागू नाही. प्रत्येक रजिस्ट्रीचे (त्या शेवटाची सगळी नावं सांभाळणाऱ्या संस्थेचे) नियम तिच्या संकेतस्थळावर वाचावे लागतात.

नाव लिलावातून आलं असेल तर रजिस्ट्रारच्या अटी नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी एका ठरावीक तारखेपर्यंत जुन्या मालकाला नाव सोडवून घेता येतं आणि तुमचे पैसे परत होतात. ती तारीख उलटेपर्यंत त्या नावावर काहीही उभं करू नका. आणि त्या अवधीत कोणी विचारणा केली, तर सरळ उत्तर एवढंच: ‘तुमच्या रजिस्ट्रारला आजच फोन करा, अजून वेळ आहे.’

नाव अजून वाढीव काळात आहे आणि तुम्हाला ते फक्त दिसलं आहे, तर आणखी सोपी वाट असते. १९९९च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू व्हायचं राहिलं आणि हॉटमेलचं लॉगिन अडकलं. तेव्हा एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ते सुरू केलं. त्याने नाव घेतलं नाही, नुसतं बिल भरलं. नोंदणी मायक्रोसॉफ्टचीच राहिली. आजही काही रजिस्ट्रार तिऱ्हाइताकडून रिन्यूअलचे पैसे घेतात.

सगळ्यात आधी मेल बंद करा

परत द्यायचं की नाही हे ठरायला आठवडे लागतील. मेलचं मात्र पहिल्याच दिवशी करायचं आहे. डोमेन तुमच्याकडे आलं की त्या पत्त्यांवर येणारी टपालंही तुमच्या दारात येतात: बिलं, करार, रुग्णांचे अहवाल, आणि मुख्य म्हणजे पासवर्ड बदलण्याच्या लिंका. जुन्या मालकाची बँक, क्लाउड, सोशल मीडिया अशी कित्येक खाती अजून त्याच पत्त्यांवर असतात. २०२२च्या मे महिन्यात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तयार कोडच्या पायपीआय भांडारातलं ‘सीटीएक्स’ नावाचं पॅकेज याच वाटेने बळकावलं गेलं. देखभाल करणाऱ्याच्या ईमेलचं डोमेन मुदत संपून सुटलं होतं. दुसऱ्याने ते नोंदवलं, पासवर्ड बदलून घेतला आणि पॅकेजमध्ये माहिती चोरणारा कोड घातला.

म्हणून ‘सगळी मेल एकाच पेटीत’ असा कॅच-ऑल कधीही लावू नका, कुतूहल म्हणूनही नाही. दुसऱ्याच्या खात्याची रिसेट लिंक वापरणं हा बहुतेक देशांत सरळ गुन्हा आहे, डोमेन कायदेशीरपणे तुमचं असलं तरी.

नुसता एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणारी डीएनएस नोंद) काढून टाकणं पुरेसं नसतं. एमएक्स नसेल तर पाठवणारा सर्व्हर डोमेनच्या ए रेकॉर्डवरच (साइटचा सर्व्हर दाखवणाऱ्या नोंदीवरच) मेल पोचवायचा प्रयत्न करतो, आणि तुमच्या वेब होस्टवर मेल सर्व्हर चालू असेल तर ती तिथे उतरूही शकते. कोणी घेतलीच नाही तर पाठवणारा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो आणि तोवर बिचाऱ्याला वाटतं की मेल पोचली. यावर ‘नल एमएक्स’ हा नेमका उपाय आहे. तो २०१५च्या आरएफसी ७५०५ या इंटरनेट-मानकात दिला आहे: एकच एमएक्स रेकॉर्ड, प्राधान्य ०, आणि लक्ष्याच्या जागी नुसता एक टिंब. मग मेल तत्काळ बाऊन्स होते आणि पाठवणाऱ्याला लगेच कळतं की हा पत्ता चालत नाही. सोबत एसपीएफ रेकॉर्डमध्ये (या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणाऱ्या नोंदीत) कोणत्याही सर्व्हरला परवानगी नाही असं लिहा आणि डीमार्कचं (खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या नोंदीचं) धोरण ‘रिजेक्ट’ ठेवा, म्हणजे मधल्या काळात या नावाने कोणी खोटी मेल पाठवली तर घेणारे सर्व्हर ती नाकारू शकतील. काही होस्टिंग पॅनेल टिंबाचं लक्ष्य स्वीकारत नाहीत. तिथे डीएनएस दुसऱ्या सेवेकडे न्या.

सबडोमेनांचीही काळजी घ्या. सगळी सबडोमेनं एकाच सर्व्हरवर नेणारा वाइल्डकार्ड रेकॉर्ड लावू नका. जुन्या मालकाचं मोबाइल ॲप अजून त्या पत्त्यावर माहिती पाठवत असेल, इतर साइट त्या डोमेनवरून स्क्रिप्ट उचलत असतील, लोकांच्या ब्राउझरमधल्या जुन्या कुकीज तुमच्या सर्व्हरला मिळत असतील. मुख्य नावावर एक साधं कोरं पान ठेवा, बाकी काही नको. रिकाम्या नावावर आपोआप जाहिराती दाखवणारं पार्किंग पानही नको. त्याचं कारण पुढे येतंच.

लिहिणारा खरा आहे का

सुटलेल्या नावांच्या याद्या उघड असतात आणि ‘मी जुना मालक’ म्हणणारे भामटेही त्या वाचतात. विनवणी जितकी करुण, तितकी तपासणी कडक ठेवा. खऱ्या माणसाला राग येत नाही. त्याच्याकडे कागद असतात.

एक गोष्ट आधीच बाद समजा: त्याच डोमेनवरच्या पत्त्यावरून आलेला ईमेल. नाव तुमच्या हातात आहे, मेल बंद आहे, मग तो पत्ता चालतोय कसा? ‘प्रेषक’ म्हणून दिसणारा पत्ता कोणीही खोटा टाकू शकतो.

चालणारे पुरावे असे. जुन्या रजिस्ट्रारचं बिल किंवा रिन्यूअलची सूचना, तारखेसह. संस्थेचं दुसरं अधिकृत डोमेन असेल तर तिथून आलेला ईमेल. जुन्या साइटवर ज्या सोशल मीडिया खात्याची लिंक होती, त्या खात्यावर तुम्ही सांगाल तो पाच-सहा अक्षरांचा कोड दोन तास ठेवायला सांगा. साधा उपाय आहे आणि फसवायला अवघड. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुनी पानं उघडा. तिथल्या संपर्क पानावरचा फोन नंबर तुम्ही स्वतः शोधून त्यावर फोन लावा, ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. हूइजच्या नोंदी फारशा उपयोगी पडत नाहीत. २०१८च्या मे महिन्यात युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाल्यापासून बहुतेक नोंदींत नावं झाकलेली असतात. त्याआधीच्या इतिहासात कधी कधी खरं नाव सापडतं, एवढंच.

ओळख पटली तरी ‘मालक कोण’ हा प्रश्न सुटतोच असं नाही. नोंदणी डिझायनरच्या नावावर, पैसे दुकानाचे, साइट दुकानाची, आणि आता मागायला आला आहे डिझायनर. किंवा दोन भागीदार वेगळे झालेत आणि दोघंही स्वतंत्रपणे लिहितात. इथे पंच बनू नका. दोघांना एकच उत्तर पाठवा: दोघांच्या सहीचं पत्र किंवा न्यायालयाचा आदेश आणा, तोवर नाव जसं आहे तसं सांभाळतो. नाव मुदतीत ठेवा, विकू नका, कोणाच्याही नेमसर्व्हरवर (नावाच्या डीएनएस नोंदी देणाऱ्या सर्व्हरवर) वळवू नका. डिझायनर आणि ग्राहक यांच्यात निवडायची वेळ आलीच तर जुन्या साइटवर कोणाचा व्यवसाय चालत होता ते बघा, आणि नाव थेट त्या व्यवसायाच्या खात्यात द्या. डिझायनरच्या खात्यात दिलंत तर वर्षभराने तेच पुन्हा घडतं.

देणं बंधनकारक आहे का

नुसत्या ‘आधी माझं होतं’ या कारणावरून, नाही. नोंदणी हा ठरावीक मुदतीचा करार असतो आणि सुटलेलं नाव जो आधी नोंदवेल त्याला मिळतं. पण ते नाव कोणाचा ट्रेडमार्क असेल तर गोष्ट बदलते. रिन्यू न केल्याने डोमेन जातं, ट्रेडमार्क जात नाही.

जेनेरिक डोमेनांसाठी आयकॅनचं १९९९ पासूनचं यूडीआरपी हे तंटा-धोरण लागू आहे. नोंदणी करताना तुम्ही ते मान्य केलेलंच असतं. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, तिन्ही: नाव त्याच्या मार्कशी तंतोतंत किंवा गोंधळ होईल इतकं जुळतं, तुमचा त्या नावावर हक्क किंवा वैध हितसंबंध नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरत आहात. मार्क नोंदणीकृतच असायला हवा असं नाही. दीर्घ वापराने ओळख मिळालेलं व्यवसायाचं नावही चालू शकतं, फक्त ते सिद्ध करायला जास्त पुरावे लागतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक ते पाच डोमेनांसाठी एका पंचाची फी १५०० डॉलर आहे, आणि ती तक्रारदार भरतो. तुम्हाला उत्तराला २० दिवस मिळतात. निकाल फार तर नाव रद्द करण्याचा किंवा तक्रारदाराला देण्याचा होतो; नुकसानभरपाई यात नसते. न्यायालयात मात्र असू शकते. अमेरिकेच्या १९९९च्या सायबरस्क्वॅटिंगविरोधी कायद्यात दर नावामागे १००० ते १,००,००० डॉलर इतकी वैधानिक भरपाई ठेवली आहे.

‘वाईट हेतू’ म्हणजे काय हे धोरणातच लिहिलं आहे, आणि घात इथेच होतो. मार्कच्या मालकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला खर्चाहून जास्त किमतीत विकण्यासाठी नाव घेणं, स्पर्धकाचा धंदा बिघडवणं, लोकांचा गोंधळ करून स्वतःच्या साइटवर गिऱ्हाईक ओढणं ही त्यातली उदाहरणं. पार्किंग पान धोक्याचं ठरतं ते यामुळे. जाहिराती आपोआप लागतात, त्या जुन्या मालकाच्याच व्यवसायाच्या असतात, आणि ‘मी नाही लावल्या, पार्किंग कंपनीने लावल्या’ ही सबब पंच सहसा ऐकत नाहीत. आर्काइव्हमधून जुनी साइट जशीच्या तशी उभी करणं तर याहून वाईट. त्यात मजकुराच्या कॉपीराइटचाही भंग होतो.

तुमच्या बाजूने काय उभं राहतं? नाव सामान्य शब्द आहे आणि तुम्ही ते त्याच अर्थाने वापरता. ते तुमचं आडनाव आहे, किंवा तुमच्या आधीपासून चालू असलेल्या व्यवसायाचं नाव आहे. तक्रार यायच्या आधी तुम्ही त्यावर खरं काम सुरू केलं होतं आणि त्याचे दिनांकित पुरावे आहेत. अशा वेळी कोणी नुसता दबाव आणण्यासाठी तक्रार केली, तर पंच निकालात तशी नोंद करू शकतात. तक्रारदाराला दंड होत नाही, पण निकाल जाहीर असतो आणि कंपन्या ती नोंद टाळायला बघतात.

मग द्यावं का

नाव तुम्हाला फक्त यासाठी मोलाचं वाटत असेल की ते कोणीतरी वापरत होतं, तर खर्च घेऊन परत द्या. त्या मोलात तुमचं काही नाही; त्याचे ग्राहक, त्याच्या लिंका, त्याची ओळख, एवढंच आहे. दवाखाना, शाळा, धर्मादाय संस्था, छोटा चालू व्यवसाय यांच्या बाबतीत तर आठवडाही घालवू नका, कारण तिथे नुकसान मालकापेक्षा त्याच्याशी संपर्क करू पाहणाऱ्यांचं जास्त होतं. एखाद्या व्यक्तीचं पूर्ण नाव असेल आणि तुमचं तेच नसेल, तर त्यावर हटून बसण्यात काही हशील नाही.

जुन्या मालकाने नाव जाणूनबुजून सोडलं, दोन वर्षांनी त्याला किंमत कळली आणि आता तो फुकट मागतोय? इथे तुम्ही त्याचं काही देणं लागत नाही. नव्या नावावर गेल्याची त्याने जाहीर केलेली घोषणा, वेबॅकमध्ये दिसणारं ‘आम्ही हलवलंय’ असं पान, बंद पडलेला व्यवसाय ही त्याची चिन्हं. सामान्य शब्दाचं नाव तुम्ही लिलावात स्वतःच्या कामासाठी घेतलं असेल तेव्हाही ठेवायला हरकत नाही. मात्र काही महिने मुख्य पानावर एक ओळ द्या: ‘याआधी या पत्त्यावर असलेली संस्था आता अमुक ठिकाणी आहे.’ खर्च शून्य, आणि त्याच्या चुकलेल्या गिऱ्हाइकांचे फोन तुम्हाला येत नाहीत.

जुन्या लिंकांचा सर्चमध्ये फायदा होईल म्हणून नाव घेतलं असेल, तर ते गणितही पुन्हा मांडा. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅम धोरणात ‘मुदतबाह्य डोमेनचा गैरवापर’ हा स्वतंत्र प्रकार घातला: आधीच्या साइटच्या प्रतिष्ठेवर स्वार होऊन भलताच हलका मजकूर चढवणं. ज्या फायद्यासाठी नाव धरून ठेवायचं, तोच बेभरवशाचा झाला आहे.

आणि एक उलटी बाजू. जुनी साइट फसवणुकीची किंवा मालवेअरची असेल, तर परत करण्याची घाई नको. वेबॅकमध्ये दोन-तीन वर्षांची पानं चाळा, स्पॅमच्या काळ्या याद्यांत नाव आहे का ते बघा. खऱ्या संस्थेची साइट हॅक झाल्यामुळेही नाव अशा यादीत जातं, म्हणून नुसत्या यादीवरून माणूस ठरवू नका.

पैसे किती मागायचे

यूडीआरपीच्या भाषेत सुरक्षित रक्कम म्हणजे डोमेनशी थेट संबंधित, कागदावर दाखवता येईल असा खर्च: नोंदणी, लिलावाची किंमत, हस्तांतरणाची फी, एस्क्रोची (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाची) फी. पावत्या जोडून तेवढा आकडा सांगा. लिलावात मोठी बोली लावली असेल तर तीही खर्चच आहे. पावती दाखवा आणि संकोचू नका.

ट्रेडमार्क स्पष्ट असेल तर पहिला आकडा तुमच्याकडून जाऊ देऊ नका, आणि खर्चाहून जास्त तर मुळीच नाही. ‘ही चर्चा पुराव्यात वापरू नये’ असं वर लिहिल्याने इथे फारसं संरक्षण मिळत नाही, कारण जास्त किमतीची मागणी हीच धोरणात तपासायची गोष्ट आहे. सामान्य शब्दाच्या नावाचा बाजारभाव मागणं वेगळं. तो साधा व्यवहार आहे आणि तिथे घासाघीस चालते.

रक्कम छोटी आणि ओळख पक्की असेल तर बँकेतून थेट आली तरी चालतं. कार्डाने आलेले पैसे तक्रार करून महिन्यांनंतरही उलटवता येतात आणि डोमेन मात्र गेलेलं असतं, म्हणून मोठ्या रकमेला डोमेनचा व्यवहार करणारी एस्क्रो सेवा घ्या. एस्क्रोची लिंक समोरच्याने पाठवली असेल तर ती उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा. खोट्या एस्क्रो साइट हा जुना धंदा आहे.

परत करायची पद्धत

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘मी डिलीट करतो, तुम्ही नोंदवा’. नोंदणीनंतरच्या पहिल्या ५ दिवसांत डिलीट केलेलं नाव रिडेम्प्शनमध्ये न जाता लगेच सुटतं, आणि सुटलेली नावं सेकंदाच्या आत पकडणारी सॉफ्टवेअरं टपलेलीच असतात. पाच दिवसांनंतर डिलीट केलंत तर ते रिडेम्प्शनच्या चक्रात अडकतं आणि महिनाभराने पुन्हा त्याच शर्यतीत येतं. दोन्हींत जुन्या मालकाला ते मिळेल याची खात्री नाही.

चांगली वाट म्हणजे एकाच रजिस्ट्रारच्या आत खात्यातून खात्यात ‘पुश’. जुन्या मालकाला तुमच्या रजिस्ट्रारकडे फुकट खातं उघडायला सांगा, त्याचा ग्राहक क्रमांक किंवा नोंदणीचा ईमेल घ्या, पॅनेलमधून पाठवा. त्याचा ईमेल दुसऱ्याच, चालू डोमेनवरचा असावा यावर अडून बसा, नाहीतर मूळ रोग तसाच राहतो. नोंदणीदार बदलल्याची पुष्टी दोघांना ईमेलवर द्यावी लागू शकते. त्याने लिंक दाबली नाही तर काम तिथेच थांबतं. नोंदणीदार बदलल्यावर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला ६० दिवसांचं लॉक लागू शकतं. काही रजिस्ट्रार ते नाकारण्याचा पर्याय देतात, पण तो बदल करण्याआधी निवडावा लागतो, नंतर नाही.

दुसरी वाट रजिस्ट्रार बदलण्याची. नाव नव्याने नोंदवलं असेल तर पहिले ६० दिवस हे सहसा होत नाही. त्यानंतर क्रम असा:

१. डीएनएसएसईसी (डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे पडताळणारी सोय) चालू असेल तर रजिस्ट्रारकडचा तिचा डीएस रेकॉर्ड काढा आणि दोन दिवस थांबा. तो तसाच राहिला आणि नेमसर्व्हर बदलले, तर तपासणी करणाऱ्या रिझॉल्व्हरांना (लोकांसाठी नावाचा पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरांना) नाव सापडतच नाही आणि सगळे भलतीकडेच बिघाड शोधत बसतात.

२. संपर्क झाकणारी प्रायव्हसी सेवा बंद करा, ट्रान्सफर लॉक काढा.

३. ऑथ कोड (हस्तांतराचा गुप्त संकेत) मागवा. पॅनेलमध्ये दिसत नसेल तर रजिस्ट्रारला मागणी केल्यापासून ५ दिवसांत तो द्यावा लागतो.

४. कोड त्याच ईमेल साखळीत टाकू नका. तो ज्याच्या हातात, त्याच्या हातात डोमेन. तुम्ही शोधलेल्या नंबरवर फोन करून सांगा.

५. त्याने नव्या रजिस्ट्रारकडे मागणी टाकली की तुमच्याकडे पुष्टीचा ईमेल येतो. मान्य केलंत तर लवकर होतं. काहीच केलं नाही तर साधारण ५ दिवसांनी आपोआप पार पडतं. जेनेरिक नावांना यात एक वर्ष वाढतं, एकूण कमाल १० वर्षं.

६. नवी नोंद आरडीएपीमध्ये दिसेपर्यंत तुमच्या बाजूचं ऑटो-रिन्यू बंद करू नका. हस्तांतर रखडलं आणि मधेच मुदत संपली, तर दोघंही पुन्हा पहिल्या पायरीवर.

साठ दिवसांचं लॉक आडवं आलं आणि समोरच्याचा धंदा ठप्प असेल, तर नाव तुमच्याकडेच ठेवून नेमसर्व्हर त्याचे लावा. साइट आणि मेल दोन्ही चालू होतात. डॉट कॉममध्ये जुन्या नेमसर्व्हरची आठवण रिझॉल्व्हरांत दोन दिवसांपर्यंत टिकते, तेवढा धीर धरायला सांगा. मात्र जुन्या नोंदींत दिसणारे नेमसर्व्हर अंदाजाने लावू नका. डोमेन गेल्यावर डीएनएस सेवेने त्याचा झोन (त्या नावाच्या डीएनएस नोंदींचा संच) काढून टाकलेला असू शकतो, आणि मग त्याच सेवेवर तिसराच कोणी त्या नावाचा झोन उघडून बसला तर साइट त्याच्या ताब्यात जाते. आधी त्याला झोन नव्याने तयार करायला सांगा, पॅनेलमध्ये दिसणारी नेमसर्व्हरची नेमकी नावं मागवा, त्या सर्व्हरांना थेट विचारून रेकॉर्ड बरोबर येतात का ते तपासा, आणि मगच बदल करा. या काळात नोंदणीदार तुम्हीच असता, साइटवर काही बेकायदा चढलं तर पहिली नोटीस तुम्हालाच येते. म्हणून चार ओळींचं लेखी ठेवा: नाव कोणत्या तारखेला देणार, खर्च किती, मधल्या काळात मजकुराची जबाबदारी कोणाची, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत त्याने हालचाल केली नाही तर काय.

दिल्यानंतरची झाडलोट

नाव गेलं तरी तुमच्या बाजूला त्याचे धागे उरतात. तुम्ही त्या नावाचं टीएलएस सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचं ब्राउझरला दाखवणारं प्रमाणपत्र) काढलं असेल तर ते मुदत संपेपर्यंत वैधच राहतं. फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं, इतरांची मुदत त्याहून मोठी असू शकते. ते रद्द करा आणि खाजगी किल्ली पुसून टाका. गूगलच्या सर्च कन्सोलमधली मालकी, ॲनालिटिक्स, क्लाउडमधला झोन, मेल सेवेत जोडलेलं डोमेन, सगळीकडून काढा. मेल सेवेत ते तुमच्या खात्याला चिकटून राहिलं तर नव्या मालकाला तेच डोमेन तिथे जोडता येत नाही आणि त्याला कारणही कळत नाही.

जुन्या मालकालाही दोन कामं सांगा. सर्टिफिकेटच्या सार्वजनिक नोंदवह्यांत, म्हणजे सीआरटी डॉट एसएचसारख्या साइटवर, मधल्या काळात कोणती सर्टिफिकेटं निघाली ते बघावं. आणि त्या डोमेनच्या ईमेलवर असलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचा पासवर्ड बदलून दुहेरी पडताळणी लावावी. नाव तुमच्याआधी आणखी कोणाच्या हातातून गेलं असेल तर त्या खात्यांत काय झालं असेल हे तुम्हीही सांगू शकत नाही.

पत्रव्यवहार, पावत्या, लेखी करार आणि हस्तांतराच्या दिवसाची आरडीएपी नोंद एका फोल्डरमध्ये ठेवा. जुन्या काळातल्या स्पॅमबद्दलची किंवा जाहिरातीबद्दलची तक्रार वर्षभरानेही येते, आणि तेव्हा नाव कोणत्या तारखेपर्यंत तुमच्याकडे होतं एवढंच दाखवावं लागतं.